भिंत चालली, पण सांगितलं कुणी?

मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांच्या भेटीला निघालेल्या चांगदेवांचं तिथे मंदिर आहे. पुढची गोष्ट महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही. भिंतीवर बसलेली चारही भावंडं भिंतीसकट त्यांना सामोरी गेली. 'प्रभात'च्या १९४० सालच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये दामले-फत्तेलाल यांनी हा चमत्कार पडद्यावर आणला. आज असे जुने चित्रपट मोबाइलवर घरबसल्या बघता येतात. पण ज्याला दिसत नाही, त्याच्या कानावर संवाद थांबले की नुसतं पार्श्वसंगीत उरतं. भिंत चालली, हे शेजारच्याने सांगितलं तरच त्याला कळतं.

कीर्तनात ही अडचण कधी नव्हती. कीर्तनकार वाघाची चाल, सापाचा फणा, चांगदेवांचा उतरलेला ताठा, सगळं शब्दांनीच उभं करतो. ध्वनिवर्णनाचं कामही तेच, फक्त फार काटकसरीने करायचं. दोन संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत निवेदक जे दिसतंय ते सांगतो. जागा चार-पाच सेकंदांची असेल तर वाक्यंही तेवढीच: 'भिंत सरकते. चांगदेव वाघावरून उतरतात. हात जोडतात.' चांगदेवांचा गर्व गळाला, असं मात्र निवेदकाने म्हणायचं नाही. तो अर्थ लावण्याचा हक्क प्रेक्षकाचा आहे.

ऐकू न येणाऱ्यांची गरज निराळी. सबटायटलमध्ये बहुतेक वेळा संवाद तेवढे येतात. कॅप्शनमध्ये कोण बोलतंय, टाळ कधी वाजू लागले, दारावर थाप कधी पडली, हेही लिहावं लागतं. सांकेतिक भाषेतच वाढलेल्या अनेक कर्णबधिरांना भरभर सरकणारी मराठी वाचणं जड जातं. त्यांच्यासाठी पडद्याच्या कोपऱ्यात दुभाषी हवा.

हा उपकाराचा विषय नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम ४२ ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा आणि कॅप्शन या तिन्हींचा स्पष्ट उल्लेख करतं. तरीही जानेवारी २०२३ मध्ये दृष्टिहीन आणि कर्णबधिर प्रेक्षकांना 'पठाण' चित्रपटासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा कुठे ओटीटी आवृत्तीत ध्वनिवर्णन आणि कॅप्शनची सोय करण्याचा आदेश निघाला. चित्रपटगृहांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं मार्च २०२४ मध्ये आली. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांगांची नोंद आहे. त्यातल्या दृष्टिहीन आणि कर्णबधिर लोकांनी कोर्टाच्या तारखांवर सिनेमा बघायचा का?

आणि कोर्टाचा आदेश पोचून पोचून किती लांब पोचणार? खानदेशात मोबाइलवर जे बघितलं जातं, त्यातलं बरंच मोठ्या निर्मात्यांकडून येतच नाही. अहिराणी गाणी, लेवा बोलीतले विनोदी व्हिडिओ, मुक्ताईच्या पालखीचं चित्रण, हे सगळं जळगाव-भुसावळ-मुक्ताईनगरचीच पोरं करतात. तिथे यंत्राने आपोआप केलेल्या कॅप्शनवर विसंबून चालत नाही. प्रमाण मराठीतही यंत्र चुकतं, मग बोलीत तर शब्दाचा पार चेंदामेंदा होतो. बोली ज्याच्या तोंडी आहे त्यानेच बसून त्या ओळी दुरुस्त करायला हव्यात. यूट्यूबवर स्वतः कॅप्शन टाइप करायला पैसे पडत नाहीत, वेळ मात्र जातो.

आणखी एक गोष्ट सर्रास दिसते. पालखीच्या मुक्कामांचं वेळापत्रक फोटो काढून टाकलेलं असतं. दृष्टिहीनांच्या मोबाइलमधला स्क्रीन रीडर लिहिलेला मजकूर वाचून दाखवतो, पण चित्रातली अक्षरं त्याला भरवशाने वाचता येतीलच असं नाही. तोच मजकूर फोटोखाली टाइप केला की काम झालं.

आषाढी वारीसाठी मुक्ताईची पालखी पंढरपूरकडे निघते, तेव्हा शेकडो मोबाइल तिच्यावर रोखलेले असतात. चित्रण करणाऱ्यांना एवढीच विनंती आहे: बोलताना समोर काय दिसतंय तेही सांगा, कॅप्शन स्वतः तपासा, आणि व्हिडिओ टाकण्याआधी गावातल्या एखाद्या दृष्टिहीन आणि एखाद्या कर्णबधिर माणसासमोर तो लावा. ते म्हणतील ते बदल करा आणि मगच पुढे पाठवा.