हप्ता तुमचा, फोन आईला?

समजा, नोकरी पुण्यात आणि घर बुलडाणा जिल्ह्यातल्या सोनाळ्यात. क्रेडिट कार्डाचं बिल दोन महिने थकलं आणि रिकव्हरी एजंटने थेट गावी आईला फोन लावला : 'तुमचा पोरगा पैसे बुडवून पळाला!' घाबरू नका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बँकांना बजावलंय : वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नको, धमक्या नकोत, घरच्यांना किंवा मित्रांना त्रास नको. एजंट दारात आला, तर आधी ओळखपत्र आणि बँकेचं पत्र मागा. कॉलची तारीख, वेळ, नंबर टिपून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही? मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तेही फुकटात. कर्ज फेडायचंच आहे. पण तारण म्हणून घरच्यांची अब्रू ठेवलेली नाही.