शंभर कुसं

रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा सिनेमा पाहून आलो आणि डोक्यात प्रेमकथेपेक्षा निवडुंगाचं ते फळच घर करून बसलं. वडिलांच्या १० दिवसांच्या दुखवट्यासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, गावातला बालमित्र बाळ्या. दोघांच्या घरी लग्नाचा लकडा. बाळ्या आनंदसाठी साबर बोंडं शोधून आणतो. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्सला या सिनेमाला जागतिक कथापट विभागातलं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मग लिहिणाऱ्यांनी फळाचं प्रतीक करून टाकलं : बाहेर काटे, आत गोडवा. प्रतीक सोलावं लागत नाही.

बोंड कसं सोलतात ते पाहायला राजूर घाटाच्या पायथ्याशी गेलो. एका धुऱ्यावर साबराची जुनी जाळी उरली होती. पूर्वी धुरेच्या धुरे असायचे म्हणे. तिथली म्हातारी सांडशीनं बोंड पिरगाळून तोडत होती.

“हात नको लावू, बापू. एका बोंडाले शंभर कुसं.”

मोठा काटा दिसतो, तो टोचला तर उपटता येतो. कूस मात्र केसाहून बारीक, पिवळट. उन्हाकडे धरलं तरच चमकतं. तिनं बोंडं मातीत टाकली, कडुनिंबाच्या डहाळीनं झाडली, गोणपाटाखाली घोळवली, पुन्हा झाडली. मला वाटलं, झालं. तिनं एक उचलून उन्हात फिरवलं आणि परत मातीत टाकलं. शंभर म्हणजे शंभर. चार बोंडांना पाऊण तास गेला. मग धुऊन, विळ्यानं साल चिरून तिनं पहिलं माझ्या हातावर ठेवलं. आत गच्च बिया, पाणचट गोडी. बोटं आणि जीभ राणीजांभळी.

खाता खाता मी तिला सिनेमाची गोष्ट सांगितली.

“कोनासाठी आनले म्हनतं?”

“दुसऱ्या पोरासाठी. त्याचं प्रेम असतं त्याच्यावर.”

ती डहाळी फिरवत राहिली. मी उगाच अवघडलो.

“कुसं काढून देल्ले का पन त्यानं?”

सिनेमाबद्दल तावातावानं बोलणारा मी. मला तेवढंच नीट आठवेना.

परतताना एसटीत अंगठ्याला सारखं टोचत होतं. खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं, काही दिसलं नाही.