वाट बंद करण्याची वेळ

कृष्णामाई दुथडी भरून वाहू लागली आणि गणपती घाटाच्या पायऱ्या एकामागून एक दिसेनाशा झाल्या, म्हणजे वाईकर मंडळी पाणी पाहावयास काठावर जमतात. परंतु सखल रस्ते आणि फरशी पूल ओलांडून सायकलीने शाळेस वा कामास जाणाऱ्यांना हा पूर कौतुकाचा विषय नसून जिवाचा प्रश्न असतो. अशा वाटा पाणी चढल्यावर बंद करण्याची रीत आता सोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. सायकलस्वाराचा तोल दोन अरुंद चाकांवर; गढूळ पाण्याखाली कडा कोठे संपली, खड्डा कोठे पडला, हे त्यास दिसत नाही. घोटाभर पाणी पाहून निघालेल्यास मध्यावरून परतणे कठीण होते.

वाईच्या वरच्या अंगास धोम धरण आहे. त्यातून पाणी सोडण्याची सूचना नदीकाठच्या गावांना मिळते. ती मिळताच, पाण्याची वाट न पाहता, सखल मार्ग बंद व्हावेत. पुण्यात खडकवासल्याचा विसर्ग वाढला की भिडे पूल वाहतुकीस बंद करतात, तो याच न्यायाने. धरणाखालच्या ओढ्यांचे पाणी मात्र सांगून येत नाही. त्यासाठी प्रत्येक फरशीजवळ खूण रंगवावी आणि पाणी तिला टेकताच अडसर घालावा.

नुसत्या फलकाने भागत नाही. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चार जण मृत्युमुखी पडले. धोक्याचा फलक तेथे होता. गर्दी त्याने थांबली नाही.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ३४ व्या कलमाने वाहतूक रोखण्याचा अधिकार जिल्हा प्राधिकरणास दिलेला आहे. प्रश्न आहे तो मध्यरात्री प्रत्यक्ष अडसर कोणी घालावयाचा, हा. त्या माणसाची नेमणूक पावसाळ्यापूर्वीच व्हावी. पूर ओसरल्यावर भराव खचला नाही ना, हे पाहिल्यावाचून वाट खुली करू नये. आणि पाहणी झाल्यावर ती विनाकारण अडवूनही ठेवू नये, नाहीतर पुढच्या वेळी लोक अडसर जुमानणार नाहीत.

वळसा पडल्याने विद्यार्थ्याचा एखादा तास बुडेल. तो भरून काढता येतो.