सव्वा महिना, चिल्ला आणि सहा आठवडे

सोलापूरच्या नवी पेठेत बाळाचे कपडे पारखणाऱ्या आज्यांचं बोलणं ऐकत उभं राहावं. कुणी मराठीत, कुणी तेलुगूत, कुणी कन्नडमध्ये, कुणी दखनीत, पण साऱ्यांच्या हातात तीच झबली, टोपडी, दुपटी. प्रत्येकीच्या घरातल्या बाळंतपणाच्या रीती मात्र वेगळ्या.

मराठी घरात बाळंतिणीला सव्वा महिना जपतात, म्हणजे साधारण ३८ दिवस. मुसलमान घरात चिल्ला, ४० दिवसांचा. मेक्सिकोतल्या आज्याही ४० दिवसच सांगतात. चीनमध्ये महिनाभर बाळंतिणीला गार पाण्यापासून दूर ठेवतात. जपानी लेकी आजही बाळंतपणाला माहेरी जातात. आणि प्रसूतितज्ज्ञांना विचारलं, तर गर्भाशय पूर्ववत व्हायला सुमारे सहा आठवडे लागतात, म्हणजे ४२ दिवस! चाळिसाला धर्माचंही वजन आहे, हे खरं. तरीही सोनोग्राफी कधी न पाहिलेल्या बायका शरीराच्या हिशेबाच्या इतक्या जवळ पोचल्या, याने मी थक्क होते.

मग दुसऱ्यांच्या आईपणावर आपण इतक्या झटकन निकाल का देतो? १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये एका डॅनिश आईला अटक झाली. १४ महिन्यांच्या मुलीला तिने उपाहारगृहाबाहेर बाबागाडीत ठेवलं होतं. लेक चार दिवस तिच्यापासून दूर राहिली. डेन्मार्कमध्ये मात्र लोकरीत गुंडाळलेली बाळं थंडीतही बाहेर झोपवतात. मोकळी हवा बाळाला मानवते, ही तिथली श्रद्धा. २०११ मध्ये नॉर्वेत एका भारतीय जोडप्याची दोन मुलं सरकारी यंत्रणेने ताब्यात घेतली. हाताने भरवणं आणि बाळाला अंथरुणात घेऊन झोपणं यांवर आक्षेप होता, असं आईवडिलांचं म्हणणं. यंत्रणेने सांस्कृतिक कारण नाकारलं. पण एक आई बाळाला दूर ठेवते म्हणून दोषी आणि दुसरी जवळ घेते म्हणून, हे पाहून पोटात कालवतं.

रीतीमागे बहुधा काही कारण असतं. आपल्या कुंचीचंच बघा. नवजात बाळाला नीट कुडकुडताही येत नाही. पाठीवर आणि मानेजवळ साठलेली खास चरबी जाळून ते ऊब मिळवतं. शिवाय शरीराच्या मानाने डोकं मोठं, तिथून उष्णता भराभर जाते. कुंची नेमकं डोकं आणि पाठ झाकते.

समजून घेणं म्हणजे सगळ्यावर पांघरूण घालणं नव्हे. कित्येक घरांत आईचं पहिलं चिकाचं दूध पिळून टाकत. रोगांशी लढणारी द्रव्यं त्यातच भरपूर असतात. बंद खोलीतल्या शेगडीचा धूर बाळाच्या फुप्फुसांना घातक. हे थांबायलाच हवं. पण थांबवायला येणाऱ्याने आधी विचारावं की शेगडी पेटवणारी आजी कशाला भीत होती. डोळ्यांदेखत थंडीने गेलेलं एखादं लेकरू ती विसरली नसेल.

आनंदीबाई जोशींना घरची रीत आणि वैद्यकशास्त्र या दोन्ही बाजू ठाऊक होत्या. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात १८८६ साली पदवी घेताना त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या, आणि परीक्षक सगळे परके.