गाडी कोरियाची, शोरूम मात्र आपल्या जिल्ह्यातली



गळीत हंगाम सरत आला आणि ऊसबिले बँकेत जमा होऊ लागली, की गावोगावच्या कट्ट्यावर दोन विषय हमखास निघतात. एक पोरांच्या लग्नाचा आणि दुसरा चारचाकीचा. एके काळी कारखान्याच्या आवारात सायकली लागत, मग मोटारसायकली आल्या. आता वार्षिक सभेच्या दिवशी पाहावे तर मोटारींची रांग, आणि त्या रांगेत ह्युंदाई व किया या कोरियन कंपन्यांच्या गाड्या जागोजागी दिसतात. म्हणून या अंकासाठी आम्ही या गाड्या वापरणाऱ्या आपल्याच काही सभासदांना गाठले. विचारायला गेलो होतो गाडीबद्दल. बोलणे मात्र बहुतेकांचे शोरूमबद्दल झाले.

आधी या कंपन्यांची थोडी ओळख करून घेऊ. ह्युंदाईचे संस्थापक चुंग जू-युंग हे शेतकऱ्याचे पोर. वडिलांनी गाय विकून ठेवलेले पैसे घेऊन ते घरातून पळाले, तांदळाच्या दुकानात राबले आणि १९४० मध्ये मोटारदुरुस्तीच्या धंद्यात शिरले. ह्युंदाई मोटार कंपनी निघाली १९६७ साली. पुढे १९९८ मध्ये, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, चुंग यांनी १००१ जनावरे दोन खेपांत सीमा ओलांडून उत्तर कोरियाला, आपल्या जन्ममुलुखाला दिली. एका गाईचे देणे असे फिटले. त्याच साली मद्रासजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातून सँट्रो गाडी बाजारात आली आणि त्याच साली अडचणीत आलेली किया कंपनी ह्युंदाईने ताब्यात घेण्याचे ठरले. कियाने आपल्याकडे पाऊल टाकले ते २०१९ मध्ये, आंध्रातील पेनुकोंड्याच्या कारखान्यातल्या सेल्टॉसने. पुण्याजवळ तळेगावला पूर्वी जनरल मोटर्सचा कारखाना होता, तोही आता ह्युंदाईकडे असून २०२५ पासून तेथे तिचे उत्पादन सुरू झाले आहे.

पण कोरियाची म्हणून प्रत्येक कंपनी टिकलीच असे नाही. देवू कंपनीची सिएलो १९९५ मध्ये आली, पाठोपाठ मॅटिझ आली. गाडी लहान, दिसायला देखणी, चालवायला सोपी. पण २००० साली कोरियातील मूळ कंपनीच दिवाळखोरीत निघाली. तिची बरीचशी मालमत्ता जनरल मोटर्सने घेतली, पण उत्तर प्रदेशातील सुरजपूरचा कारखाना काही घेतला नाही. मॅटिझ बाळगणारे आपले एक जुने सभासद सांगतात, "गाडीनं कवा तक्रार केली न्हाई. पण पार्टसाठी उद्यमनगर पालथं घालायचं, न्हाईतर पुण्याचा जुना बाजार." गाडी चांगली असली तरी तिच्यामागे उभे राहणारे कोणी लागते, हा धडा त्या गाडीने शिकवला.

आता आजच्या मालकांचे म्हणणे ऐकू. सँट्रो अनेक वर्षे वापरलेले एक सभासद म्हणाले, "बांधावरच्या वाटेनं नेली, चिखलातनं काढली, पण रस्त्यात सोडलं न्हाई." सेल्टॉसवाल्या तरुण सभासदाचे मत, "गाडी नादखुळा आहे, पण पाय हलका ठेवला तरच अ‍ॅव्हरेज देते." एका महिला सभासदांचे बोलणे आम्हाला विशेष वाटले. त्या म्हणाल्या, "एसी चांगला, मागचा कॅमेरा चांगला. पण शोरूममधली माणसं सगळा वेळ माझ्या मुलाशीच बोलत होती. चेकवर सही माझी होती." त्यांनी तो चेक परत पर्समध्ये ठेवला आणि तीच गाडी दुसऱ्या शोरूममधून घेतली.

सुरक्षिततेची चौकशी मात्र फारच थोड्यांनी केलेली दिसली. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत २०२० मध्ये सेल्टॉसला आणि २०२२ मध्ये क्रेटाला तीन तारे मिळाले होते. २०२३ मध्ये नव्या व्हर्नाला पाच मिळाले. त्याच वर्षी ह्युंदाईने आपल्या सर्व गाड्यांना सहा एअरबॅग देण्याचे जाहीर केले. म्हणजे एका कंपनीच्या सगळ्या गाड्या, सगळ्या सालांच्या, एका मापाच्या नसतात. जे मॉडेल घेणार, त्याचीच चाचणी विचारावी. जुनी गाडी घेणाऱ्याने तर विचारावीच.

आता मुद्द्याची गोष्ट. जुलै २०२१ चा महापूर आपण विसरलेलो नाही. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले होते. नदीकाठच्या एका गावात आपल्या दोन सभासदांच्या गाड्या अंगणातच पाण्यात गेल्या. दोघांची कंपनी एकच, शोरूम वेगवेगळ्या. पाणी ओसरल्यावर पहिल्याने घाईने चावी फिरवली. इंजिनात पाणी होते, आतले रॉड वाकले. विमा होता, पण त्याला इंजिन संरक्षणाची जोड नव्हती, त्यामुळे इंजिनाचा खर्च नामंजूर झाला. "गाडी घेताना सीट कव्हर, मॅट, गार्ड, सगळं गळ्यात घातलं. ह्या जोडणीचं नाव कुणी काढलं न्हाई. दीड एकराचं बिल त्या इंजिनात गेलं," असे ते सांगत होते आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्याला मात्र पाणी चढतानाच त्याच्या शोरूममधून फोन आला होता: गाडी चालू करू नका, बॅटरीची वायर काढा, आम्ही टोचन करून नेतो. त्याची इंजिन संरक्षणाची जोड गाडी घेतानाच समजावून दिलेली होती. त्याचे इंजिन वाचले.

या सर्वांच्या बोलण्यातून निघालेल्या काही गोष्टी सभासदांच्या उपयोगासाठी देत आहोत.

१) शोरूमच्या काचेआधी तिचे वर्कशॉप पाहा. तेथे गाडी घेऊन थांबलेल्या चार मालकांना विचारा: दिलेल्या वेळेला गाडी मिळते का? पार्ट किती दिवसांत येतो? बिलाचा खुलासा करतात का?

२) कोटेशन लेखी आणि कलमवार घ्या. गाडीची किंमत, एकरकमी कर, विमा, जादा वॉरंटी, अ‍ॅक्सेसरीज हे आकडे वेगवेगळे हवेत. 'इतर खर्च' असे लिहिले असेल तर कशाचा ते विचारा. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही. बाहेरचा दर काढून तुलना करा.

३) कर नीट समजून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील, पेट्रोलला १२०० सीसी आणि डिझेलला १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे. त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आहे.

४) पैसे पुरे करण्याआधी गाडी दिवसाउजेडी, यार्डात उभी असताना पाहा. चासी नंबर जुळवा. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, गाडी कोणत्या महिन्यात बनली हे लिहिलेले असते, ते वाचा.

५) नदीकाठच्या सभासदांनी इंजिन संरक्षणाची जोड घेतल्याशिवाय विम्यावर सही करू नये. पुरात बुडालेल्या गाडीची चावी फिरवू नये.

६) तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते.

अमेरिकेत एके काळी ह्युंदाईच्या गाड्यांची थट्टा होई. तेव्हा कंपनीने १९९९ च्या मॉडेलांपासून इंजिन-गिअरबॉक्सला दहा वर्षे किंवा एक लाख मैलांची हमी दिली, आणि तिकडे तिचे नाव पुढे सुधारत गेले. विकल्यानंतर जबाबदारी घेतल्याने गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो, हे कंपनीला कळले. आपल्या जिल्ह्यातल्या शोरूमलाही आपण याच मापाने मोजावे.

ऊस घालताना आपण काटा पाहतो, वजनाची पावती जपून ठेवतो, बिल कोणत्या तारखेला मिळते हे लक्षात ठेवतो. त्याच उसाच्या पैशातून सात-आठ वर्षांचे कर्ज काढून गाडी घ्यायची, तर शोरूमचा काटाही तेवढ्याच बारकाईने पाहायला नको का? सुज्ञ सभासदांस अधिक सांगणे न लगे. गाडी घेतलेल्यांनी आपले बरेवाईट अनुभव गट कार्यालयात अवश्य कळवावेत. पुढच्या गिऱ्हाइकाला त्याचा उपयोग होईल.