घरच्या संगणकावरील टपालपेटी

शिष्यवृत्तीचा अर्ज असो, प्रवेश परीक्षेची नोंदणी असो की पॅन कार्डासाठीची मागणी असो, अर्जातील एका रकान्यात अर्जदाराचा ई-मेल पत्ता विचारलेला असतो. हा रकाना भरण्याची वेळ येते तेव्हा अनेक कुटुंबांत ओळखीच्या एखाद्या संगणकचालकाचे साहाय्य घेतले जाते. तो घाईघाईने पत्ता काढून देतो, पडताळणीसाठी स्वतःचाच मोबाइल क्रमांक घालतो आणि परवलीचा शब्दही त्याच्याच वहीत राहतो. पुढे प्रवेशपत्र त्या पत्त्यावर येते. विद्यार्थ्याला मात्र ते उघडता येत नाही. चालकाचा हेतू बहुधा वाईट नसतो, परंतु पेटी एकाची आणि किल्ली दुसऱ्याची अशी ही अवस्था होय. घरी अथवा शाळेत संगणक असल्यास हे काम स्वतः करणे मुळीच अवघड नाही.

ई-मेलची पद्धत तशी जुनी आहे. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने अर्पानेट या जाळ्यावरून एका संगणकातून दुसऱ्या संगणकात संदेश पाठविला आणि व्यक्तीचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’ हे चिन्ह योजले. पत्त्याची ही रचना आजही कायम आहे. चिन्हाच्या आधी खातेदाराचे नाव असते आणि नंतर त्याचे टपाल सांभाळणाऱ्या संस्थेचे. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. देवनागरीतील पत्तेही आता शक्य झाले आहेत. परंतु अनेक अर्जांत अद्याप रोमन लिपीतीलच पत्ता स्वीकारला जात असल्याने तूर्त तोच घेणे सोयीचे.

खाते उघडताना

जीमेलचे उदाहरण घेऊ. नाव व जन्मतारीख भरल्यानंतर पत्ता निवडावा लागतो. तो ६ ते ३० अक्षरांचा असावा, अशी अट आहे. मधे दिलेली टिंबे तेथे जमेस धरली जात नाहीत. जन्मतारीख खरी लिहावी. शाळेत एकाच वेळी अनेक विद्यार्थ्यांची खाती उघडताना मनाला येईल ती तारीख घालण्याचा मोह होतो. परंतु तेरा वर्षांखालील मुलाचे खाते पालकांच्या देखरेखीखालीच उघडावे लागते, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

परवलीचा शब्द किमान ८ अक्षरांचा हवा. अधिक लांब असल्यास उत्तम. गावाचे नाव आणि त्यापुढे जन्मसाल, असा शब्द गावातील कोणालाही ओळखता येतो. तो कोठेही लिहून ठेवू नये, असा उपदेश नेहमी केला जातो. घरगुती वापरास तो तंतोतंत लागू पडत नाही. शिधापत्रिका आणि सातबारा ज्या पेटीत असतात त्या पेटीतील वही, संगणकाशेजारी डकविलेल्या चिठ्ठीपेक्षा कितीतरी सुरक्षित असते.

सर्वांत महत्त्वाचा रकाना खाते परत मिळविण्यासाठीच्या मोबाइल क्रमांकाचा होय. परवलीचा शब्द विसरल्यास नवा शब्द ठरविण्यासाठीचा संकेतांक याच क्रमांकावर येतो. म्हणून तो स्वतःचा अथवा घरातील व्यक्तीचाच असावा. सिमकार्ड बंद केल्यास तोच क्रमांक कालांतराने दुसऱ्या ग्राहकास मिळू शकतो. तेव्हा खात्यातील नोंद आधी बदलून घ्यावी.

पत्रे कोठे राहतात?

संगणकावर ई-मेल दोन प्रकारे पाहता येते. एक, ब्राउझरमध्ये त्या संस्थेचे पान उघडून; दुसरा, थंडरबर्ड किंवा आउटलुक यांसारख्या टपालाच्या खास प्रोग्रॅममधून. अशा प्रोग्रॅममध्ये नाव, पत्ता आणि परवलीचा शब्द दिला की बाकीची जोडणी बहुधा आपोआप होते. एकदा उतरवून घेतलेली पत्रे इंटरनेट नसतानाही वाचता येतात, हा ज्या गावी जोडणी वारंवार खंडित होते तेथे मोठाच लाभ आहे.

मात्र येथे ‘पॉप’ आणि ‘आयमॅप’ यांतून निवड करावी लागते. पॉपमध्ये पत्रे टपालघरातून उचलून घरी आणली जातात. मूळ प्रत तेथेच ठेवण्याची सूचना दिलेली नसेल आणि पुढे संगणक बिघडला, तर पत्रेही गेली. आयमॅपमध्ये पत्रे टपालघरातच राहतात व घरच्या संगणकावर, तसेच मोबाइलवर, तीच दिसतात. बहुतेकांना हीच पद्धत सोयीची. अर्थात, येथे एका ठिकाणी पुसलेले पत्र सर्वच ठिकाणांहून पुसले जाते.

सामाईक संगणकावर परवलीचा शब्द साठवून ठेवू का, असे ब्राउझर विचारतो. त्यास नकार द्यावा आणि काम संपताच खात्यातून बाहेर पडावे. ग्रामपंचायतीच्या पत्त्याबाबत आणखी एक दक्षता हवी. तो सचिवाच्या खासगी क्रमांकाशी जोडलेला असेल, तर बदलीनंतर पंचायतीचे टपाल त्यांच्याबरोबर परगावी जाते. पदभार सोपविताना दप्तर व शिक्क्यांबरोबर या खात्याचीही नोंद यादीत घ्यावी आणि क्रमांक व परवलीचा शब्द त्याच दिवशी बदलावा.

खाते उघडून ते विसरून जाणेही महागात पडते. सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. जोडणी पूर्ण होताच स्वतःच्याच पत्त्यावर दोन ओळी लिहून पाठवाव्यात. त्या परत आल्या, तर पेटी चालू झाली. काही मिनिटांत न आल्यास नकोशा पत्रांच्या ‘स्पॅम’ या कप्प्यातही एकदा डोकावून पाहावे. महत्त्वाची पत्रेही कधीकधी तेथेच पडून असतात.