दोष कोणाचा, की रचनेचा?

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात घडलेली दुर्घटना आपणांस आठवत असेल. नातलगाच्या एमआरआय तपासणीसाठी सोबत आलेला ३२ वर्षांचा तरुण प्राणवायूचे सिलिंडर घेऊन कक्षात शिरला. यंत्राच्या चुंबकाने सिलिंडरसह त्याला खेचून घेतले व त्यात त्याचा मृत्यू झाला. यंत्र बंद असल्याचे कर्मचाऱ्याने सांगितले होते, असे नातेवाइकांचे म्हणणे होते. वस्तुतः तपासणी थांबली तरी एमआरआयचे चुंबकत्व कायम असते.

अशा वेळी ‘दोषी कोण?’ हा प्रश्न प्रथम उठतो. प्रणाली-अभियांत्रिकी मात्र वेगळा प्रश्न विचारते: माणूस चुकणारच, मग चुकीमुळे इजा होऊ नये, अशी रचना कशी करावी? मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी यासाठी छिद्रे असलेल्या चीजच्या चकत्यांची उपमा दिली. प्रत्येक चकती हा सुरक्षेचा एक थर. सर्व छिद्रे एका रेषेत आली की अपघात घडतो.

म्हणून एमआरआय कक्षात केवळ सूचनाफलक पुरत नाही. भिंतीतून येणारी प्राणवायूची नळी, चुंबकाला न चिकटणारी सिलिंडरे, दाराशी धातुशोधक आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या ताब्यातील प्रवेश, असे अनेक थर लागतात. चूक करणेच अशक्य व्हावे, ही सर्वोत्तम रचना. भूल देण्याच्या यंत्रावर प्राणवायूच्या जागी नायट्रस ऑक्साइडचे सिलिंडर बसतच नाही, कारण दोहोंच्या खुंट्यांच्या जागा वेगळ्या असतात.

साध्या उपायांचेही मोल मोठे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी तपासणी-सूची आणली. आठ शहरांतील रुग्णालयांत तिचा वापर होऊ लागल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. त्यात नवी दिल्लीही होती.

रुग्णालय अंधेरीचे असो वा मुलुंडचे, बोरिवलीचे असो वा घाटकोपरचे, आपणही एक थर होऊ शकता:

• चालू औषधांची मात्रेसह यादी व ॲलर्जीची नोंद जवळ ठेवा.
• औषध वा रक्त देण्यापूर्वी रुग्णाचे पूर्ण नाव मनगटपट्टीशी ताडून पाहण्याची विनंती करा.
• एमआरआयपूर्वी पेसमेकर, शरीरातील धातू, श्रवणयंत्र व कवळी यांची माहिती द्या. सिलिंडर, चाकाची खुर्ची वा स्ट्रेचर स्वतः आत नेऊ नका.
• पाळी बदलताना नव्या परिचारिकेला महत्त्वाची बाब पुन्हा सांगा.

मात्र कुटुंबाची दक्षता ही रुग्णालयाच्या व्यवस्थेला पर्याय नव्हे. शंका विचारताना संकोच नको. नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाने एखादे छिद्र वेळीच बुजू शकते.